मुकादमाची मोरी

माझ्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली ती भर जानेवारीत. पावसाळ्यात आली असती तर पावसाच्या नावानं दोन शिव्या हासडून मी गप्प बसलो असतो. पण आभाळात ढग नाही, सकाळी अंगावर शाल घ्यावी लागते आणि कपाटामागच्या भिंतीवर हे काळे ठिपके! वास आधी बायकोला आला. लग्नाला नेसायची साडी काढायला तिनं कपाट उघडलं आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "तुमच्या कपाटात काय मेलंय?" एरवी कपाट दोघांचं असतं, वास आला की ते माझं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून कपाट सरकवलं. भिंतीला हात लावला तर गार, ओलसर, आणि रंगाचा पोपडा नखाबरोबर सुटून आला.

मी अर्ध्या मिनिटात निकाल दिला. वरती मोरी कोणाची? मुकादमाची. संपला विषय.

मुकादम कोण ते सांगतो. मी तीस वर्षं भिवंडीत एका पावरलूमच्या शेडमध्ये जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम बिघडला की पाना घेऊन पळणारा. हा त्याच शेडचा मुकादम, कारागिरांवर देखरेख करणारा. मी वळ गावचा आगरी, तो भिवंडीतला कोकणी मुसलमान. तो मला जॉबर म्हणतो, मी त्याला मुकादम, नावं आमच्या बायकांना ठाऊक. शेड गेली, तिथं गोडाऊन झालं, तेव्हा आम्ही दोघांनी जवळच काल्हेरला एकाच बिल्डिंगमध्ये घर घेतलं. मी दुसऱ्या मजल्यावर, तो बरोबर माझ्या डोक्यावर. बायको म्हणाली होती, "शेडमध्ये डोक्यावर बसला होता तेवढा पुरला नाही का?"

पण मला तो हवाच होता. लूमच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसाचे कान कामातून जातात. माझे गेले, त्याचेही गेले. बायकोला माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून विचारलं की 'भाजी कोणती करू' हेसुद्धा भांडण वाटतं. फोनवर मुलगी बोलते, मी नुसता 'हो, हो' करतो. मुकादमाशी तसं नाही. शेडमध्ये आम्ही ओठ वाचून आणि हातवारे करून बोलायला शिकलो, ते अजून चालतं. रोज चारला तो चहाला खाली यायचा. हॉलमध्ये समोरासमोर बसून आम्ही आवाज न करता तासभर बोलायचो आणि पोट धरून हसायचो. दार उघडं असलं तर येणारेजाणारे बिचकायचे. सगळ्या जगात माझ्याशी न ओरडता बोलणारा तेवढा एकच माणूस उरला होता. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. असलं कोण सांगतं?

शेडच्या बाकीच्या सवयीही सुटल्या नव्हत्या. जेवण दहा मिनिटांत उरकायचं, पाना उशाशी ठेवायचा, आणि दुपारी खिडकीवर ओलं गोणपाट टांगल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. हवा कोरडी पडली की लूमवर सूत तडातडा तुटतं, म्हणून शेडमध्ये आम्ही जमिनीवर पाणी शिंपडायचो, दाराखिडक्यांना भिजवलेली गोणपाटं लावायचो. नाकाला त्या ओल्या हवेची अशी सवय झाली की कोरड्या खोलीत माझा घसा धरतो. त्यात काल्हेरला दिवसभर गोडाऊनच्या ट्रेलरची धूळ, म्हणून खिडकी कायम बंद. बायको म्हणायची, "अहो, इथं सूत नाही, तुटणार काय?" मी तिच्याकडे लक्ष द्यायचो नाही.

तर त्या दिवशी चारला मुकादम आला आणि मी त्याला दारातच धरला.

"तुझी मोरी गळते."

"न्हाय गळत."

"माझी भिंत ओली हाय."

"दाखव."

"दाखवायचं काय त्यात? माझ्यावर भरवसा न्हाय?"

इथं मी त्याला आत नेलं असतं तर ही सगळी भानगड चहा गार व्हायच्या आत मिटली असती. पण मी दार अडवून उभा राहिलो, कमरेवर हात ठेवून. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

मुकादम मुळात शांत. तो भांडला नाही. डाईंगवाल्याकडून हिरव्या रंगाची पुडी घेऊन आला, मोरीच्या जाळीत कापडाचा बोळा कोंबला आणि घोट्याएवढं हिरवं पाणी साठवून दोन दिवस तसंच ठेवलं. गळत असेल तर खाली हिरवं उतरेल, न्याय झाला! पाणी किती उरलंय ते बघायला तो सारखा आत उतरायचा, त्यानं त्याचे पाय घोट्यापर्यंत हिरवे झाले. त्याच आठवड्यात कोन गावात त्याच्या भाचीचं लग्न होतं. चपला काढून जेवायला बसला आणि पंगतीतले सगळे बिर्याणी सोडून त्याचे पाय बघत बसले. हे मला भाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं सांगितलं. त्या हसत नव्हत्या.

माझ्या भिंतीवर हिरवा ठिपकासुद्धा उतरला नाही. ओल मात्र होती तशीच.

"आता बोल," मुकादम म्हणाला.

"तुझा रंगच कच्चा," मी म्हटलं.

त्यानं लुंगी वर करून पाय माझ्या समोर धरला. "कच्चा? पाच दिवस घासतोय!"

बोलायला काही उरलं नाही की माणूस नको ते बोलतो. मी म्हटलं, "जाऊ दे रे. शेडमध्ये पण सगळ्यात जास्त सूत तुझ्याच शिफ्टला तुटायचं."

खोटं होतं ते. त्याच्या शिफ्टला सूत सगळ्यात कमी तुटायचं, साऱ्या गल्लीत त्याचं नाव होतं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला, अर्धा भरलेला, आणि वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चारला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बायको सवयीनं दोन कप आणून ठेवायची, मी ईर्ष्येनं दोन्ही प्यायचो आणि मग पित्तानं तळमळायचो. एकदा तो गॅलरीत उभा दिसला. मी खालून मान वर करून ओठ हलवले, नुसतं 'काय?' एवढंच. त्यानं तोंड फिरवलं. ओठ वाचणाऱ्यानं तोंड फिरवणं म्हणजे समोरच्यानं फोन आपटणं. मग मीही फिरवलं. तो रडका महिना मी टीव्हीपुढे काढला. खालच्या पट्टीवर बातम्या वाचायच्या आणि हसायला कोणी नाही. बायको ओरडून म्हणाली, "जा की वर!" मी म्हटलं, भिंत सुकल्याशिवाय त्याचं तोंड बघणार नाही. हे मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं असणार की वर भाभींना ऐकू गेलं. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही.

मग एका सकाळी माझा पलंग थरथरू लागला. मला वाटलं भूकंप. बायको म्हणाली, भूकंप नाही, वर हातोडा चाललाय. मुकादम मोरी फोडत होता! मी टाळी वाजवली. "बघितलंस? चोराच्या मनात चांदणं. कबूल झाला!"

बायको म्हणाली, "माणूस घर फोडतोय आणि तुम्हाला म्हणी सुचतायत."

चार दिवस तुकडे खाली चालले होते. चांगल्या गुलाबी लाद्या, मीच त्याच्याबरोबर जाऊन पसंत केलेल्या. जमिनीला वॉटरप्रूफिंग झालं, त्यावर नव्या लाद्या बसल्या. मी भिंत सुकायची वाट बघत बसलो. आठ दिवस दिले. भिंत सुकायची सोडून ठिपक्यांचा पट्टा झाला, आणि कपाटातल्या माझ्या काळ्या बुटांना पांढरी दाढी आली. माझं डोकं फिरलं. मुकादमाकडे काम केलेल्या मिस्त्रीलाच बोलावलं आणि विचारलं, "क्या काम किया ऊपर?"

मिस्त्री जौनपूरचा, सावकाश बोलणारा. त्यानं कपाट पूर्ण बाहेर ओढलं, भिंत चाचपली, वास घेतला, छताला स्टुलावर चढून हात लावला. मग म्हणाला, "चाचा, ऊपर से गिरता तो छत पे पीला दाग होता, लकीर उतरती. अंदर से आता तो सफेद नमक फूटता. यहाँ दोनों नहीं. छत सूखी है. सिर्फ काली फफूँद है, वो भी अलमारी के पीछे, जहाँ हवा नहीं लगती."

फफूँद म्हणजे बुरशी, एवढं कळलं. "मतलब?"

"मतलब कल बताता हूँ." त्यानं पातळ प्लॅस्टिकचा चौकोन कापला, भिंतीवर ठेवून चारी कडांना घट्ट टेप मारली आणि निघून गेला. भिंतीला मलमपट्टी केल्यासारखं दिसत होतं. मी बायकोला म्हटलं, याला काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तो आला. प्लॅस्टिकवर बोट फिरवलं, बोट ओलं झालं. मग टेप काढून आतली बाजू दाखवली. कोरडी ठणठणीत. "देखो चाचा. दीवार से आता तो पानी अंदर की तरफ जमता. ये बाहर जमा है. पानी दीवार का नहीं, कमरे का है. रात को दीवार ठंडी होती है, कमरे की भाप उसपे बैठती है. कमरे में पानी कहाँ से आता है?"

मी भडकलो. "खोलीत पाणी? खोलीत कुठून येणार पाणी? ही काय मोरी हाय?" असं म्हणत म्हणत मी बादलीतून तांब्या भरला आणि खिडकीवरच्या गोणपाटावर ओतला. माझी झोपायची वेळ झाली होती. "इथं नळ न्हाय, पाईप न्हाय," दुसरा तांब्या ओतला, "एक थेंब पाणी न्हाय या खोलीत!" तिसरा तांब्या मी हातात धरला तेव्हा गोणपाटातून ओघळलेलं पाणी लादीवरून मिस्त्रीच्या पायापर्यंत गेलं होतं. त्यानं एक पाय उचलला. मग दुसरा उचलला.

बायको पलंगावर बसली आणि तोंडात पदर कोंबून गदागदा हसायला लागली. मला ऐकू येत नव्हतं, पण पलंग हलत होता. मी तांब्या हळूच बादलीत ठेवला.

मिस्त्रीनं उपाय सांगितला तो एवढाच. गोणपाट काढा. सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडा, धूळ आली तर पुसा. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. काळं आहे ते ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसून वाळू द्या, आणि पूर्ण वाळल्यावरच रंग लावा. पंधरा दिवसांत भिंत खडखडीत वाळली. घसा धरला, पण गरम पाणी पिऊन भागलं.

भिंत सुकली तरी वर जायला मला आणखी तीन दिवस लागले. शेवटी एका दुपारी चारच्या ठोक्याला गेलो. दार त्यानंच उघडलं. तोंड फिरवलं नाही, पण ओठही हलवले नाहीत. मी घडी केलेलं गोणपाट काखेत धरून उभा होतो, पुरावा म्हणून. ते उलगडून दाखवलं आणि हातांनी सगळं सांगितलं. तांब्या, खिडकी, प्लॅस्टिक, मिस्त्रीचे पाय. आणि सूत तुटण्याचं बोललो होतो ते खोटं होतं, हे मात्र तोंडानं सांगितलं, मोठ्यानं, भाभींनाही ऐकू जाईल असं.

मला वाटलं तो हसेल नाहीतर शिव्या घालेल. त्यानं नुसती मान हलवली. मला मोरीपाशी नेलं. नव्या लाद्या पांढऱ्या होत्या, दवाखान्यासारख्या.

"मना ठावं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"गळत न्हाय ते. हिरवं पाणी दोन दिवस एक बोट उतरलं न्हाय. मोरी ठणठणीत होती."

"मग फोडलीस कशाला, मुकादम?"

शेडमध्ये नव्या कारागिराकडे टाकायचा तशी नजर त्यानं माझ्याकडे टाकली. "तूच बोंबललास ना, भिंत सुकल्याशिवाय तोंड बघणार न्हाय म्हणून? मग? चार वाजता मी बोलू कुणाशी? हिच्याशी बोलायचं तर बिल्डिंग गोळा होते."

मी हात वर केले, पण याच्यासाठी शेडमध्ये आमच्याकडे खूण नव्हती. त्या पांढऱ्या मोरीत उभा राहून मी साठीचा बाप्या डोळे गाळायला लागलो. मुकादमानं खांद्यावरचं फडकं माझ्या हातात दिलं.

"पूस लवकर," तो म्हणाला, "खाली तुझ्याच भिंतीला ओल येईल."