मेटकरवाडीपासून बाबिलोन किती लांब

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एका जिन्याखाली मायाक्का मेटकरीचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. उभं राहिलं की डोकं जिन्याला लागतं, म्हणून ती दिवसभर बसूनच असते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना कुठलं जोडाक्षर कुठं फुटणार, हे तिला न बघता कळतं. आठ वर्षांपूर्वी नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हा मायाक्कानं दुसरा प्रिंटर घेतला. प्रिंटर अजून चांगला चालतो.

राहायला ती अठरा किलोमीटरवर, मेटकरवाडीत. तिथल्या बिरोबाच्या पूजेचा मान तिच्या घराकडं. तीन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना, सिदू पुजाऱ्यांना, लकवा झाला. तेव्हापासून पहाटे पाचला देवाला अंघोळ घालणं, भंडारा लावणं, निवद दाखवणं सगळं मायाक्का करायची आणि मग स्कूटी काढून दुकान गाठायची. गावाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण देवळाच्या कमिटीच्या वहीत पुजारी म्हणून सिदूंचं नाव होतं. वहीतलं नाव पुरुषाचं असलं, की पाणी घालणारे हात कुणाचे आहेत ते देवाला दिसत नाही, अशी गावाची जुनी श्रद्धा होती.

महिन्यापूर्वी सिदू वारले आणि देवाला एकदम दिसायला लागलं.

तेराव्याच्या पंगतीत दुसऱ्यांदा भात वाढून घेता घेता मायाक्काचा चुलतभाऊ बिरुदेव म्हणाला, "आता मान माझ्याकडं येनार की. भावकीत बाप्या मी एकटाच हाय." दुसऱ्या दिवशी त्यानं कमिटीकडं अर्ज दिला. तो अर्ज मायाक्काच्याच दुकानात टाइप झाला होता. अर्जातल्या चुका तिनं दुरुस्त करून दिल्या.

कमिटीचे अध्यक्ष कोंडीबा. वय पंच्याऐंशी, चालता कान एक. त्यांनी ठरवलं की असल्या नाजूक गोष्टीत शिकलेल्या माणसाचं मत घ्यावं. गावात शिकलेला माणूस म्हणजे शिवराज सर. सोलापुरातल्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले, इतिहासाचे. सरांचं नाव निघाल्यावर मायाक्काला हायसं वाटलं. कारण सर गेली दोन वर्षं एकच पुस्तक लिहीत होते: जुन्या संस्कृतींमध्ये बाईचं स्थान काय होतं आणि धर्मानं तिला काय दिलं, काय काढून घेतलं. आणि त्या पुस्तकाचं पान न् पान तिनंच टाइप केलं होतं.

सर लिहायचे, पण लिहिलेलं परत वाचत नसत. ते काम मायाक्काचं. त्यामुळं सुमेरमधली चंद्राची मोठी पुजारीण तिला भावकीतल्यासारखी ठाऊक झाली होती. इजिप्तमध्ये एके काळी देवाची बायको म्हणवणाऱ्या बाईच्या हाती देवळाच्या जमिनी असत, हे वाचून ती चहा पिता पिता थांबली होती. रोममध्ये सहा कुमारिका शहराचा अग्नी राखायच्या आणि तो विझला तर फटके खायच्या. अथेन्सनं गावाला देवीचं नाव दिलं आणि बायकांना सभेत तोंड उघडू दिलं नाही. याचं मात्र तिला काही विशेष वाटलं नाही. मेटकरवाडीच्या सरपंच एक बाई आहेत, आणि त्यांच्या खुर्चीत त्यांचे मालक बसतात.

पुस्तकाची अर्पणपत्रिका अशी होती: 'जिने मला कधीही घरातले काम सांगितले नाही, त्या माझ्या पत्नीस.'

"सर, बाईंचं नाव राहिलंय," मायाक्का म्हणाली होती.

"वाचणाऱ्याला कळतं ते," सर म्हणाले होते.

तर बैठकीच्या दोन दिवस आधी सर दुकानात आले, स्टुलावर बसले आणि घसा साफ केला. सर घसा साफ करतात तेव्हा पुढं काही तरी मळकं येणार असतं.

"मायाक्का, हे वैयक्तिक घेऊ नकोस. मी अभ्यासक आहे. पण पुस्तकाचं प्रकाशन गावात ठेवलंय. आत्ताच गावाला दुखवून कसं चालेल?"

"मग काय लिहू सर?"

"एक पान पुरे. सुरुवातीला लिही, प्रत्येक समाजाची रूढी वेगळी, ती त्या समाजानंच ठरवायची, सबब पूजेचा मान बिरुदेव यांच्याकडे जावा. शेवटी चौथ्या प्रकरणाचा समारोप घे. जसाच्या तसा. त्यानं वजन येतं."

मायाक्काचा हात माऊसवर थांबला. "चौथ्याचा? एकदा वाचून बघता का सर?"

"माझंच लिहिलेलं मी काय वाचायचं?" सर म्हणाले. पान छापून आल्यावर त्यांनी खाली सही केली आणि कागदाची घडी खिशात घातली. मायाक्कानं एकदा सांगितलं होतं. दोनदा सांगायला ती काही त्यांची बायको नव्हती.

रविवारी सकाळी देवळापुढच्या लिंबाखाली बैठक बसली. पुरुष सतरंजीवर, बायका पायरीशी. मायाक्का आई सारजाबाईंच्या शेजारी बसली. उद्यापासून देवाला पाणी कोण घालणार, हे आज ठरायचं होतं. बसल्या बसल्या तिची बोटं आपोआप पदराला भंडारा पुसल्यासारखी हलत होती.

बिरुदेव उठला. "मला तायडीबद्दल लई आदर हाय. पन बाईमानूस. महिन्यातलं चार दिस देवानं काय करायचं?"

सारजाबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "आन तू महिन्यातनं किती दिस पिऊन पडतुयास, त्ये मोजू का हितं?"

बायका हसल्या. दोन पुरुषही हसले, पण मिशीच्या आत. कोंडीबांनी काठी आपटली. "गप ऱ्हावा. सरांचं ऐका."

सरांनी चष्मा लावला, कागद उघडला आणि प्रकाशनाच्या दिवशी काढायचा तो आवाज काढला. रूढीचं वाक्य झालं. बिरुदेवचं नाव आलं. बिरुदेवनं लोकांकडं बघून मान हलवली. मग समारोप आला.

"बाबिलोन असो की रोम, जिथे जिथे स्त्रीला वेदीवरून खाली उतरवले गेले, तिथे तिथे देवाचा कोप हे कारण सांगितले गेले. परंतु देवाने तसे सांगितल्याचा पुरावा कोठेही..." सरांचा आवाज इथं जरा बसला, पण वाक्य सुरू झालेलं होतं आणि सर व्याकरणाचे पक्के. "...कोठेही आढळत नाही. आढळतात ती केवळ उतरवणाऱ्या पुरुषांची नावे."

कोंडीबांनी चालता कान पुढं केला.

"म्हंजी?" कोंडीबा म्हणाले. "पोरीला द्या म्हंता व्हय?"

"नाही, नाही. ते बाबिलोनचं आहे, आबा."

"ह्ये बाबिलोन कुटं आलं? अक्कलकोटाच्या पल्याड?"

"फार लांब. समुद्रापलीकडं."

"मग तितलं हितं वाचलं कशाला?" सारजाबाई म्हणाल्या.

सरांनी कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं. "टायपिंगची चूक झालेली दिसते," ते म्हणाले.

मायाक्का उठून उभी राहिली. "कुठला शब्द चुकलाय सर? सांगा, आत्ता दुरुस्त करून आणते."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मग कोंडीबांनी तोडगा काढला. वहीत नाव बिरुदेवचं लावायचं आणि पूजा मायाक्कानं करायची. "तीन वर्सं तसंच चाललंय की." बिरुदेवला हे फारच आवडलं. पहाटे पाचला उठायचा प्रश्नच मिटला. "सुवर्णमध्य!" असं सरही सुटकेनं म्हणाले.

"न्हाय आबा," मायाक्का म्हणाली. "बापाचा हात चालत नव्हता म्हणून माझा दिला. बिरूचे दोन्ही चालत्यात. नाव त्याचं, तर पाणीबी त्यानंच घालावं. मी उद्या येनार न्हाय."

एवढं बोलून ती खाली बसली. सुतकाचे दिवस सोडले तर गेली तीन वर्षं तिनं एकही पहाट चुकवली नव्हती. उद्या पाचला जाग येईल आणि जायला जागा नसेल, हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

"मंग मतदान नको, सरळ ठराव लिवा," कोंडीबा म्हणाले. "मान बिरुदेवला. सूचक कोन?"

काल रात्रीपर्यंत बिरुदेवच्या बाजूनं तावातावानं बोलणारे पाच जण आता सतरंजीच्या दशा मोजत होते. वही एकाकडून दुसऱ्याकडं गेली. एकाला चष्मा नव्हता. एकाच्या बोटाला लागलं होतं. तिसरा म्हणाला, "नाव खाली राहतंय वो कायमचं, नातवंडं वाचतील. सरांनीच लिहावं, सर मोठे."

सर म्हणाले, "मी फक्त मत दिलं."

बिरुदेवला स्वतःच सूचक होता येईना, नियमात नव्हतं. शेवटी कोंडीबांनी वही मिटली. सूचक मिळेपर्यंत ठराव तहकूब. तोवर पूजा?

"तोवर ज्याचं चाललंय त्याचं चालंल," कोंडीबा म्हणाले. मग एका कानानं बायकांकडं वळून, जरा हळू, "तिचं."

सोमवारी पहाटे मायाक्कानं देवाला पाणी घातलं. भंडारा लावताना ओल्या दगडावर तो नेहमीसारखाच आधी गडद झाला. तेवढ्यात पायरीवर ठेवलेला मोबाइल वाजला. सरांचा निरोप होता: 'चौथ्या प्रकरणातलं शेवटचं वाक्य काढून टाक. आजच.'

तिनं हात पदराला पुसले आणि पिवळ्या बोटानं लिहिलं, 'पूजेत आहे. दुकान उघडल्यावर बघते.'