खोटं बोलण्यापुरती स्पॅनिश

डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर मला सोडायला फक्त आई आली. बाबा घरीच थांबले. आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "म्हणजे आता तू दारोदार फिरून लोकांना सांगणार, की तुझ्या आजोबांचं सगळं चुकलं होतं?" मी उत्तर द्यायच्या आत ते उठून गॅरेजमध्ये गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही नागपूरहून डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावी आलो. बाबा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. देवधर्म करणाऱ्यांतले ते नव्हतेच. गणपती बसवायचे, पण आरतीचं दुसरं कडवं दरवर्षी चुकायचे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझं मन फार खचलं होतं. एका मैत्रिणीबरोबर मी रविवारी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये जायला लागले आणि तिथे मला हळूहळू बरं वाटायला लागलं. बाबा म्हणाले, फेज आहे, जाईल. मी चहा सोडला, कारण मॉर्मन चहा-कॉफी घेत नाहीत, तेव्हाही ते फक्त हसले. बाप्तिस्मा घेतल्यावर मात्र गप्प झाले. आणि विसाव्या वर्षी मी कॉलेज दीड वर्ष थांबवून मिशनरी म्हणून निघाले, तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला.

एअरपोर्टवर आई म्हणाली, "त्यांना वाटतंय, त्यांचंच काहीतरी चुकलं." मग तिने माझ्या बॅगेचं वजन हाताने उचलून पाहिलं आणि म्हणाली, "जा आता."

ट्रेनिंग सेंटर युटामध्ये होतं, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. पहिल्याच तासात छातीवर काळी नावपट्टी लागली आणि जोडीदारीण मिळाली. मिशनरी कधी एकटा नसतो. जेवण, अभ्यास, कपडे धुणं, सगळीकडे जोडीदारीण नजरेच्या टप्प्यात हवी, असा नियम. माझी जोडीदारीण आयडाहोमधल्या बटाट्याच्या शेतावर वाढलेली, एकोणीस वर्षांची, उंच, फार कमी बोलणारी. तिच्या घरी पणजोबांपासून सगळे मिशनवर जाऊन आलेले. तिला निरोप द्यायला चाळीस माणसं जमली होती. आम्ही एकमेकींना 'सिस्टर' म्हणायचो. तिथली तीच पद्धत.

दोघींनाही दक्षिण टेक्सासला जायचं होतं, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांमध्ये. त्यासाठी सहा आठवडे. सकाळी साडेसहाला उठायचं आणि दिवसभर क्रियापदं. मला वाटलं होतं, माझ्याकडे आधीच तीन भाषा आहेत, चौथी सहज येईल. झालं उलटंच. स्पॅनिश शब्द शोधायला मन आत हात घालायचं आणि मराठी शब्द बाहेर काढायचं. वर्गात मोठ्याने प्रार्थना करताना मी 'पण' म्हणायचे, 'आणि' म्हणायचे, आणि ते मला दोन वाक्यांनंतर कळायचं. इंग्रजी कधी मध्ये यायची नाही. जणू डोक्यात एकच कप्पा होता 'इंग्रजी नसलेल्या' भाषांसाठी, आणि तो घरच्यांनी भरलेला होता.

जोडीदारणीची स्पॅनिश उत्तम होती. लोकांना धर्म समजावण्याचे धडे तिने तोंडपाठ केले होते. फक्त ती जेवत नव्हती. ताटातले पदार्थ इकडून तिकडे सरकवायची. मी विचारलं की म्हणायची, "आय अॅम फाइन, सिस्टर." मला ते खरं वाटत नव्हतं, पण मी माझ्याच काळजीत होते. आठवड्यातून एक दिवस घरी फोन करता यायचा. पहिल्या तिन्ही फोनमध्ये स्क्रीनवर फक्त आई होती. मागे बाबांच्या खुर्चीची पाठ दिसायची.

चौथ्या आठवड्यात ते झालं. आमची शिक्षिका तेवीस वर्षांची होती, स्वतः टेक्सासमध्ये मिशन करून आलेली. दर दोन दिवसांनी ती एका बाईची भूमिका घ्यायची. तिकडे भेटलेली खरी बाई, होन्डुरासहून आलेली, लॉन्ड्रीत काम करणारी, नवरा गेलेला. खोलीबाहेर जाऊन शिक्षिका परत आत यायची तीच मुळी वेगळी होऊन, खांदे पाडून. आम्ही तिला शिकवायचं, आणि सगळं स्पॅनिशमध्ये.

त्या दिवशीचा धडा कुटुंबाचा होता. मॉर्मन लोक मानतात की कुटुंब मरणानंतरही एकत्र राहू शकतं. जोडीदारणीने सुरुवात छान केली. मग माझं वाक्य आलं. ते मी बाथरूमच्या आरशासमोर वीस वेळा म्हटलं होतं: कुटुंबं एकत्र राहू शकतात, पारा सिएम्प्रे, म्हणजे कायमची. मी ते न चुकता म्हटलं.

बाई माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने हळू विचारलं, "आणि तुझं कुटुंब? ते पण?"

हा प्रश्न धड्यात नव्हता. इंग्रजीत कुणी विचारला असता तर मी सहज निसटले असते. माझे आईवडील चांगले आहेत, ते त्यांच्या परीने मला सपोर्ट करतात, असं काहीतरी गोल बोलले असते. मराठीत तर त्याहून छान जमलं असतं. पण माझ्याजवळ स्पॅनिशचे दोनेकशे शब्द होते, आणि त्यात 'परीने' नव्हता. खोटं बोलायला भाषा बरीच यावी लागते. माझ्या तोंडून निघालं, "मि पापा नो मे आब्ला." माझे बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

 शिक्षिकेचा चेहरा क्षणभर तिचा स्वतःचा झाला, पण भूमिका तिने सोडली नाही. "का?" तिने विचारलं.

"कारण मी इथे आहे."

"मग तू त्यांच्याशिवाय राहशील? कायमची?"

  मी जोडीदारणीकडे पाहिलं. तिने बोलायला हवं होतं, पुढची ओळ तिचीच होती आणि तिला ती पाठ होती. ती मांडीवरच्या वहीकडे बघत होती. तिने वही मिटली, उठली आणि खोलीबाहेर गेली. नियमाप्रमाणे मलाही तिच्यामागे जावं लागलं.

ती जिन्यात पायरीवर बसली होती. मला वाटलं, ती माझ्यावर चिडली. मी सॉरी म्हटलं.

"सॉरी कशाबद्दल?" ती म्हणाली. "तू खरं बोललीस. मला ते येत नाही. मला फक्त वाक्यं येतात. लहानपणापासून येतात. ती खरी आहेत का, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही, सिस्टर. कुणी विचारूच दिलं नाही असं नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं."

मी तिच्याशेजारी बसले. वर्गांतून क्रियापदांचे आवाज येत होते. ती म्हणाली, "मी घरी जाते म्हटलं, तर तू माझा राग करशील?"

"नाही."

"माझे बाबा करतील."

 तिचे वडील मला माहीत नव्हते, आणि माझ्या वडिलांबद्दल माझा अंदाज आधीच चुकला होता. मी म्हटलं, "मी दारापर्यंत येते तुझ्याबरोबर."

आमच्या गटावर देखरेख एक निवृत्त शेतकी शिक्षक करायचे, आजोबांच्या वयाचे. दुपारी ती त्यांच्या ऑफिसात गेली आणि मी बाहेर बाकावर बसले. तास झाला. दार उघडेना. मला भीती वाटत होती की ते तिला समजावून परत वर्गात पाठवतील आणि ती पुन्हा 'आय अॅम फाइन' म्हणेल. तितकीच भीती वाटत होती की ती जाईल आणि मी इथे उरेन. ज्या घरात सगळ्यांना हे हवं होतं तिथली मुलगी थांबू शकत नव्हती, मग मी कशाच्या जोरावर थांबणार होते?

ते दोघं बाहेर आले तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण पाठ ताठ होती. ते गृहस्थ मला म्हणाले, "ती उद्या घरी जाईल. तू तिच्याबरोबर थांबलीस, बरं झालं."

दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील पिकअप घेऊन आले. पाच तासांचा रस्ता. आईने तिला घट्ट धरलं. वडील, आडव्या बांध्याचे, उन्हाने रापलेले, थोडे लांब उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते पुढे आले, तिच्या हातातली सूटकेस घेतली, मागे ठेवली, आणि तिच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. ती बसेपर्यंत ते दार धरून उभे होते.

मला दुसऱ्या दोघींच्या जोडीत तिसरी म्हणून घातलं. दोन दिवसांनी फोनचा दिवस आला. आईने विचारलं, कशी आहेस. मी म्हटलं, "आई, बाबांना दे."

"ते आता..."

"ते खुर्चीत आहेत. मला दिसतंय. दे."

स्क्रीन हलली. छत दिसलं, मग बाबांचं कपाळ.

"मला तुझ्या धर्माचं काही सांगू नकोस," ते म्हणाले.

"नाही सांगत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. आजोबांचं चुकलं होतं असं मी कुणाला सांगणार नाही. मला तसं वाटत नाही."

"मग काय सांगणार?"

"मला काय मिळालं ते. ऐकायचं की नाही ते लोक ठरवतील. बहुतेक दार लावून घेतील."

 फोन त्यांनी ठेवला नाही. मग म्हणाले, "स्पॅनिश येते का नीट?"

"नाही. मध्येच मराठी येते."

ते हसले नाहीत. "तिकडे उन्हाळा फार असतो," म्हणाले. "टोपी घे." आणि फोन आईकडे दिला.

मी थांबले. पुढे टेक्सासमध्ये दीड वर्ष पूर्ण केलं. बाबा दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं बोलायचे, गाडीबद्दल, हवेबद्दल. माझं त्यांना पटलं असं आजही म्हणता येणार नाही. जोडीदारणीने नंतर नर्सिंग केलं. तिची पत्रं येतात. शेवटच्या पत्रात तिने लिहिलंय की ती अजून चर्चमध्ये जाते, पण मागच्या बाकावर बसते, आणि जे वाक्य तिला पटत नाही ते बाकीचे म्हणत असताना गप्प राहते.