आरेच्या पाड्यावरचे आठ नमुने

"नमुने खराब झाले असं लिहा आणि सही करा," सर म्हणाले. सकाळपासून तिसऱ्यांदा.

मी अंधेरीच्या एका लॅबमध्ये सिनियर टेक्निशियन, सर तिथले प्रमुख. रक्त सांभाळण्यात केस पिकले, आता संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. या वयात खोटी सही करायची म्हणजे जिवावर येतं.

काम काय होतं ते सांगते. साडीचे धागे सुटू नयेत म्हणून आपण पिको करतो ना, तसं पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना निसर्गानेच करून ठेवलेलं असतं. त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी विभागली की ते थोडं झिजतं. फार झिजलं की पेशी म्हातारी झाली. गाड्यांच्या धुराने ही झीज लवकर होते का, ते आम्ही बघत होतो. एक गट कुर्ल्याला रस्त्यावर काम करणाऱ्यांचा. दुसरा तुलनेसाठी, आरेच्या पाड्यांवरचा. झाडी, स्वच्छ हवा वगैरे.

आणि याच स्वच्छ हवेतल्या आठ बायकांचे टेलोमिअर वयाच्या मानाने भलतेच आखूड निघाले. कुर्लेकरांच्या पंगतीत बसवावेत इतके. मी टेस्ट पुन्हा लावली. तेच. फ्रीजरचं रेकॉर्ड पाहिलं. ठीक होतं.

"सर, नमुने चांगले आहेत हो."

"मग या आठजणींचं करू काय? अहवालाची मुदत संपत आलीय. त्या गाळल्या की चित्र साफ होतं."

"आणि त्यांना काय कळवायचं?"

"नमुना वाया गेला म्हणून. शुक्रवारी सही हवी मला."

दुसऱ्या दिवशी बसने पाड्यावर गेले. वेळ अकराची. आठजणींपैकी यमुनाबाईंचं घर मला आठवत होतं, पण दाराला कडी. शेजारचे आजोबा म्हणाले, "आता कुठली भेटायची ती? सिग्नलला बसली असंल."

परत बस. हायवेच्या सिग्नलला उतरले आणि कपाळावर हात मारून घेतला. फ्लायओव्हरखाली यमुनाबाई टोपली घेऊन बसलेल्या. अळू, शेवगा, केळफूल. त्यांच्या रांगेत आणखी पाच चेहरे माझ्या ओळखीचे. समोर थांबलेल्या बसचा धूर सरळ त्यांच्या तोंडावर.

"रोज बसता इथे?"

"मग? सात वाजल्यापासनं अंधार पडेस्तोवर. लगीन होऊन आले तवापासनं."

"मग फॉर्म भरताना सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं, राहता कुठं. मी सांगितलं."

फॉर्म माझ्याच हातचा होता. उपाशीपोटी रक्त हवं म्हणून आम्ही पाड्यावर साडेसहाला पोचायचो, तेव्हा सगळ्या घरीच. पत्ता लिहायचा, सुई टोचायची, पुढचं घर. मला मनापासून लाज वाटली.

शुक्रवारी सही केली नाही. उरलेल्या दोघीही पुढच्याच सिग्नलला बसत होत्या; आठही फॉर्म नव्याने भरून सरांच्या टेबलावर ठेवले. सर खूप बोलले. मी ऐकून घेतलं, चूक माझीच होती. शेवटी त्या आठजणींचा वेगळा गट केला, मुदत हुकली, आणि निष्कर्षाच्या जागी आणखी अभ्यास हवा एवढंच लिहिलं गेलं. धडा म्हणाल तर साधा आहे. माणूस झोपतो कुठे ते विचारून भागत नाही, दिवस कुठे काढतो तेही विचारावं.

रिपोर्ट द्यायला मी स्वतः सिग्नलला गेले. यमुनाबाईंच्या शेजारी बसून सांगितलं, "पेशी वयाच्या मानाने जास्त थकल्यासारख्या दिसतात. धुरामुळे असेल. नक्की सांगता येत नाही."

त्यांनी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. अळूवर पाणी शिंपडलं.

"मग आता कुठं बसू, बाई?"

मी अळूच्या दोन जुड्या घेतल्या आणि बस पकडली.