कुंकू पुसू की सनस्क्रीन राहू दे?

मंडळी, दुपारपासून माझा नुसता गोंधळ उडालाय.

उन्हाने माझ्या कपाळावर काळे डाग पडलेत. सनस्क्रीन लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून आज आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, सीपरी बाजारात राहणाऱ्या काकूंकडे चैत्राच्या हळदीकुंकवाला जाताना मी ते चांगलं जाड थापलं.

काकू कुंकू लावायला गेल्या, तर त्यांचं बोटच घसरलं.

"अगं, ये क्या पोत के आई है? टिकतच नाहीये!" म्हणत त्यांनी पदराने माझं कपाळ खसाखसा पुसलं आणि ठसठशीत कुंकू लावलं. सगळ्या हसल्या, मीही हसले.

निघताना बाहेर रणरणतं ऊन होतं. ट्यूब पर्समध्येच होती, पण कपाळाला लावायचं तर कुंकू पुसावं लागणार. आणि सवाष्णीने लावलेलं कुंकू आपल्या हाताने पुसायचं नाही, हे आईने मला अक्षरांच्याही आधी शिकवलंय. दारात बराच वेळ उभी राहिले. शेवटी कुंकवाभोवती गोल क्रीम लावून ऑटोत बसले.

घरी आई बघतच राहिली. "अगं वेडे, पुसायचं ना सरळ! डाग वाढले म्हणजे?"

आता मला कळेना, इतकी वर्षं मी जपलेला नियम नक्की कोणाचा होता? तुम्ही काय केलं असतं?