हिंगातला गहू

मी नव्याने आयटीत लागले तेव्हा पोट बिघडलं की डॉक्टर एकच सांगायचे, "टेन्शन घेऊ नका." दोन वर्षं मी ते ऐकून घेतलं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि गहू कायमचा बंद करायला सांगितला. मी पोळी, ब्रेड, बिस्किटं सगळं सोडलं. ऑफिसात माझी भाकरी पाहून लोक "डाएट का?" म्हणून हसायचे. तरीही पोट फुगायचंच.

मग मी रोजचं खाणं वहीत लिहू लागले. महिन्याभरात लक्षात आलं, आमटी खाल्ली की त्रास होतो, दहीभाताने होत नाही. फोडणीचा एकेक जिन्नस तपासला. हिंगाच्या डबीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, गव्हाचं पीठ!

डबी घेऊन मी तडक वारज्यातल्या आमच्या दुकानदाराकडे गेले. "अहो, हिंगात गहू असतो हे सांगायचं नाही का?"

"आपण हिंग मागितलात, मी हिंग दिला. वाचता येतं ना आपल्याला?"

माझं डोकंच फिरलं. "येतं. दुकानात भिंग तेवढं ठेवा," म्हणत मी डबी काउंटरवर आपटली.

हिंग सोडल्यावर पंधरा दिवसांत पोट शांत झालं. पुढे सोयाबीनही मला सोसत नाही, याचाही वहीतूनच छडा लागला. बिनहिंगाच्या आमटीवरून नवरा मात्र अजून कुरकुरतो.