निवडीनंतरचा सामना

आमच्या कॉलेजच्या मुली फुटबॉलच्या साखळीत एकही सामना हरल्या नव्हत्या. तरी बाद फेरीसाठी निवड समितीनं शहरातल्या मोठ्या कॉलेजचा संघ घेतला. तो एकदा हरला होता, पण अवघड गटात खेळला होता, असं कारण मिळालं. ते अगदीच खोटंही नव्हतं. त्यामुळे संघाबरोबर जाणारी शिक्षिका म्हणून मी भांडायचं तरी कुणाशी, हे कळेना.

दुसऱ्या दिवशी आमची कप्तान रुक्साना मैदानाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. तेवढ्यात निवडलेल्या संघाची कप्तान आपल्या मुलींना घेऊन आली.

"मॅडम, यांच्याशी खेळल्याशिवाय पुढं जायला बरं वाटत नाही," ती मला म्हणाली. "एक सामना खेळूया?"

पंच नव्हते, शिट्टी मीच वाजवली. मुली जीव तोडून खेळल्या आणि आम्ही एका गोलनं हरलो.

रुक्साना त्या कप्तानच्या गळ्यात पडली. मला वाटलं, रडतेय. मी धावत गेले, तर ती घामानं निथळत हसत होती. न्याय मिळणं म्हणजे जिंकणं, असं मी आजवर धरून चालले होते. पण कुणीतरी खोलीत बसून दिलेली हार पचत नाही. मैदानावर पत्करलेली हार आपली असते, ती घेऊन घरी जाता येतं.

"मॅडम," रुक्साना म्हणाली, "आज झोप लागेल."