ऑर्व्हिलचा जखमी पिचर

ऑर्व्हिल डुडाला फोनवर बोलायचा कंटाळा आहे, असं त्याला ओळखणाऱ्या कोणीही शपथेवर सांगितलं असतं. शहराच्या पाणीखात्यात जन्मभर त्याने मीटर वाचले. लोकांच्या तळघरात उतरायचं, आकडा टिपायचा, कुत्र्यापासून पिंढऱ्या सांभाळायच्या आणि निघायचं. बोलण्याचं खातं मार्लीनकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे. फोन तीच उचलायची, नाताळची कार्डं तीच पाठवायची, आणि ऑर्व्हिलने घुम्यासारखं बसून दुखावलेली माणसं तीच परत जोडून आणायची. दोन हिवाळ्यांपूर्वी ती वारली आणि ते घर मुकं झालं. मुलगी ॲरिझोनात असते. ती रविवारी फोन करते, पण गाडी चालवता चालवता, आणि दुकान आलं की ठेवते.

आमची दहाजणांची लीग आहे. खेळ सोपा आहे. मार्चमध्ये आम्ही खरेखुरे बेसबॉल खेळाडू आपसात वाटून घेतो, आपापला कागदी संघ बांधतो, आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत ते खेळाडू मैदानावर जे काही दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला मिळतात. पूर्वी ही वाटणी पोलिश क्लबच्या तळघरात व्हायची, बिअर, शिव्या आणि मार्लीनने करून दिलेल्या पियेरोगी नावाच्या पोलिश करंज्यांसकट. मग गिल फोराकर फ्लोरिडाला राहायला गेला, दोघांच्या गुडघ्यांनी जिना उतरायला नकार दिला, आणि सगळा कारभार मोबाईलवर आला. तेव्हा आम्ही एकच नियम हट्टाने ठेवला. खेळाडूंची अदलाबदल करायची तर बटण दाबून चालणार नाही, फोन करून तोंडाने बोलायचं. नाहीतर आम्ही एकमेकांचे आवाज विसरलो असतो, आणि माझ्या मते निम्मे तरी विसरलेच आहेत.

या मार्चमध्ये ऑर्व्हिलने शेवटी शेवटी डारिओ क्विंट्रेलचं नाव घेतलं. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, एके काळचा जबरदस्त, पण कोपराची शस्त्रक्रिया झालेला, ऑगस्टपर्यंत परतला तर नशीब. अशा खेळाडूसाठी प्रत्येक संघात जखमींची एक वेगळी जागा असते. तिथे तो नुसता पडून राहतो.

"ऑर्व्ह, संघ काढलायस की दवाखाना?" गिलने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. ऑर्व्हिलने उत्तर दिलं नाही. तो देतच नाही.

जुलैत त्याचा संघ तळाला होता आणि कोणाला त्याची आठवणही नव्हती. अशात बातमी आली, की क्विंट्रेल मोठ्या मैदानावर परतण्याआधी सरावासाठी आमच्या गावातल्या छोट्या मैदानावर पिच करणार आहे. मी टायरचं दुकान पोरांवर सोपवून गेलो. ऑर्व्हिल आधीच कॅचरच्या मागे जाळीशी बसला होता, एकटाच, मांडीवर शेंगदाण्यांची पिशवी घेऊन. क्विंट्रेलने तीन इनिंग, म्हणजे सामन्याचा तिसरा हिस्सा, चेंडू टाकले. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात असा वाजत होता, की मागच्या रांगेतली रडणारी मुलगी गप्प झाली.

"रुडी," ऑर्व्हिल मला म्हणाला, "याचा हात मोकळा झाला बघ."

त्या संध्याकाळपासून त्याचा फोन वाजायला लागला.

परतणाऱ्या पिचरची किंमत ही मोठी लबाड गोष्ट आहे. तो खेळत होता तेव्हा त्याचे आकडे सगळ्यांना दिसत होते, म्हणून भाव ठरलेला होता. तो परत खेळू लागला की पुन्हा ठरेल. मधल्या दिवसांत मात्र तो जितका चांगला असू शकतो तितका चांगला असतो, कारण त्याला कोणी मार खाताना पाहिलेलं नसतं. म्हणूनच सगळे त्याच्यावर तुटून पडले. गिल रोज फ्लोरिडाहून फोन करायचा. मीही करायचो. लीगमध्ये मी पहिला होतो, गिल दुसरा, आणि क्विंट्रेल ज्याला मिळेल तो जिंकणार हे उघड होतं.

ऑर्व्हिल कोणालाच हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना.

"दोन फलंदाज देतो," मी म्हणालो. "चांगले, धडधाकट. तुझ्या दवाखान्यात शोभणार नाहीत."

"विचार करतो. आयरीनचा खांदा कसा आहे?"

"बरा आहे. सौद्याचं बोल."

"गरम पाण्याने शेकते का? मार्लीन शेकायची. मीठ घालून."

"ऑर्व्हिल, मी माझ्या बायकोच्या खांद्यासाठी फोन केलाय का?"

"नाही रे. आपलं विचारलं."

इतरांचीही हीच रड होती. म्हातारा भाव वाढवतोय, असं सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं, आणि मनातून मी त्याला दादही देत होतो. मीटर वाचणारा माणूस इतका पक्का निघेल असं वाटलं नव्हतं. अदलाबदलीची मुदत ऑगस्टच्या मध्यावर संपायची होती. शेवटच्या संध्याकाळी मी त्याला तीन खेळाडू देऊ केले, गिलने म्हणे चार. त्याने दोघांनाही बराच वेळ बोलत ठेवलं आणि मुदत जाऊ दिली.

क्विंट्रेल परतला आणि पहिल्याच सामन्यात त्याने समोरच्या संघाला झोपवलं. ऑर्व्हिलला ढीगभर गुण मिळाले. पण आता त्याला मागून उपयोग नव्हता, म्हणून कोणी फोन केला नाही. मीसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मोबाईलवर दिसलं, की ऑर्व्हिलने क्विंट्रेलला सोडून दिलं आहे. सोडलेला खेळाडू आधी दिसेल त्याने उचलावा, त्याला फोनचा नियम नाही, बटण पुरतं. मी पाहीपर्यंत गिलने दाबलंही होतं. खाली त्याने अंगठ्याचं एक चित्र टाकलं होतं, आणि बाकीच्यांनी हसण्याची.

माझं डोकं फिरलं. दुकान बंद करून मी थेट त्याच्या घरी गेलो आणि दारातूनच सुरू केलं.

"अक्कल गहाण टाकलीस का? असा पिचर कोणी रस्त्यावर टाकतं? तेही गिलच्या तोंडात! मी तीन देत होतो, तीन!"

ऑर्व्हिल ऐकत राहिला. मग त्याने कपाटातून आणखी एक ताट काढलं. शेगडीवर सॉसेज आणि कोबी होता.

"बस. जेवता जेवता ओरड."

"आधी सांग, का केलंस?"

"तो बरा झाला आणि फोन बंद झाले." त्याने सॉसेज वाढलं. "म्हटलं सोडून देऊ. वेड लागलं का म्हणून तरी कोणी विचारेल."

मी बसलो. त्याच्या खोलीत टीव्ही जोरात चालू होता, कोणी बघत नसताना.

"गिल करेल असं वाटलं होतं," तो म्हणाला. "तू येशील असं नव्हतं वाटलं. चांगला ओरडतोस."

"सराव आहे."

तो थोडा वेळ कोबी चिवडत राहिला. "बाकीचेही चिडले असतील ना?"

कोणी चिडलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने तो विनोद होता, आणि दुपारपर्यंत शिळाही झाला होता.

"चिडलेत तर काय," मी म्हणालो. "सगळेच. फाडून खाणार आहेत तुला."

"खरं?"

"करतील बघ फोन."

तो उठला, टीव्ही बंद केला आणि परत येऊन बसला. मग फोनची घंटा ऐकू यावी म्हणून तो इतका सावकाश, इतका आवाज न करता चावू लागला, की थाप मारणाऱ्या मलाही आता त्याच्याबरोबर वाट बघत बसणं भाग पडलं.